चंद्रभान मिस्त्रीचे दोन पंखे

सिंदी रेल्वेच्या फाटकातून कापसाच्या बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला टिनाचं एक दुकान लागायचं. पाटी नव्हती, आणि पाटीची गरजही नव्हती. दारात दोन-तीन ऑइल इंजिनं पोट उघडून पडलेली असायची आणि त्यांच्यामध्ये उकिडवा बसलेला चंद्रभान तेलरांधे लांबूनच दिसायचा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण जिनिंगमधल्या एका जुन्या फिटरच्या हाताखाली, शिव्या खात झालेलं. पण कान असा की सेलू तालुक्यात दुसरा नसेल. सकाळी बाजेवर पडल्या पडल्या तो शिवारातली इंजिनं ऐकायचा आणि चहा येण्याआधी बायकोला, शकुबाईला, सांगायचा, "बापूरावच्या पंपानं पाणी सोडलं. पाइपाच्या तळचा फुटवाल गळून राह्यला. दहाले येते पाय." आणि दहाला बापूराव सायकल टेकवून दारात उभा.

त्याच्या लग्नातली गोष्ट तर सिंदीत कितीतरी वर्षं चालली. अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, आणि नवरदेवाचं लक्ष गावातल्या पिठाच्या चक्कीच्या इंजिनाकडे. अक्षता पडायच्या ऐन वेळी हा शेजारी उभ्या मामाला म्हणतो, "नोझल गेलं वाट्टे." शकुबाईनं अंतरपाटाआडून ते ऐकलं. पुढे संसारात कधी खटका उडाला की ती म्हणायची, "लोकायले लग्नात बायकोचं नाव घ्या लागते. माह्यावालं नोझल निघालं."

त्याचं शास्त्र सोपं होतं. इंजिनाचे आवाज दोन: भरला आणि रिकामा. पंप पाणी ओढत असला की इंजिन खाली बसून, छातीतून बोलतं. तो भरला आवाज. पंपात हवा शिरली, पाणी सुटलं की तेच इंजिन हलकं होऊन वर चढतं, कोरडं पळतं. तो रिकामा. भरला म्हणजे काम होतंय, रिकामा म्हणजे तेल जळतंय. एवढ्या एका गोष्टीवर त्यानं बावीस वर्षं पोट भरलं होतं आणि एकदाही चुकला नव्हता.

त्याची थोरली बहीण भागीरथा आर्वी तालुक्यात दिलेली होती. रोहण्याच्या पलीकडे, वर्धा नदीच्या अगदी काठाला घाटपिंपरी म्हणून चाळीस घरांची वस्ती, तिथे. वस्तीच्या पुढ्यात नदी आणि पाठीशी नाला. नदी चढली की तिचं पाणी नाल्यात उलटं शिरायचं, आणि वस्ती बेटासारखी मध्ये राहायची. रोहण्याकडे जायला तेवढा नाला ओलांडावा लागे. उन्हाळ्यात तो पोरं उड्या मारत ओलांडत. पुरात तो दोन फर्लांग रुंद व्हायचा आणि त्याला ओढ असायची. ओलांडायला साधन एकच, रूपराव ढिवराचा लाकडी डोंगा.

एकोणऐंशीच्या श्रावणात भागीरथेच्या नवऱ्याला, किसनरावला, कपाशीच्या पऱ्हाटीत साप चावला. नाला भरलेला. रूपरावनं त्याला डोंग्यात निजवलं आणि हातातल्या वल्ह्यावर तीनदा मध्यापर्यंत नेलं, तीनदा पाण्यानं त्याला मागे आणून टाकलं. चौथ्यांदा डोंगा पलीकडे लागला तेव्हा किसनरावचे हातपाय गार झाले होते. पुढचा दवाखाना बघायची गरज उरली नाही.

चंद्रभान तिसऱ्या दिवशी पोचला. रूपराव ओसरीवर बसला होता, तळहाताला फडकं गुंडाळून. "मिस्त्री," तो म्हणाला, "हातानं जेवढं होते तेवढं केलं." चंद्रभान जाताना बहिणीला म्हणाला, "बाई, तू सिंदीले चाल. इथं आता काय आहे?"

"वावर आहे," भागीरथा म्हणाली. "वावर काय पिशवीत भरून आणू?"

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बहीण इथून हलणार नाही. पाणी पुन्हा येणार. आणि ते येईल तेव्हा डोंगा माणसाच्या हातावर नाही, इंजिनावर चालला पाहिजे. शकुबाई सांगायची की जेवताना तो घास हातात धरून थांबायचा. विचारलं की म्हणायचा, "अर्धा घंटा. अर्धा घंटाच कमी पडला त्याले."

दोन वर्षांनी योग आला. तहसिलीत बंडोपंत नावाचे कारकून होते, आर्वीहून बदलून वर्ध्याला आलेले. भला माणूस. प्रत्येक गोष्ट खिशातल्या निळ्या वहीत टिपून ठेवायची सवय, घरात भाजी कोणती झाली तीसुद्धा. त्यांनी बातमी आणली की धरणाच्या कामावरच्या एका कंत्राटदाराची स्पीडबोट वर्ध्यात पडून आहे. पांढरी, फायबरची, सोळा फुटी. कंत्राटदार तिच्यातून पाहुण्यांना जलाशयावर फिरवायचा. काम संपल्यावर इंजिन काढून नेलं, बोट राहिली. घाटपिंपरीनं ती वर्गणीतून घेतली आणि गावानं ठराव केला की इंजिन निवडायचं ते चंद्रभान मिस्त्रीनंच.

तो आधी बोटीजवळ जाऊन बसला. पूर्ण एक दिवस. तिच्या मागच्या फळीची उंची त्यानं सुतळीनं मोजली आणि सुतळीला गाठ मारली. जाडी मोजली, दुसरी गाठ. मग ती सुतळी खिशात घालून बंडोपंतांबरोबर मुंबईची गाडी धरली. गोदीजवळ जुन्या जहाजांचं सामान विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका पांढऱ्या दाढीच्या शेठनं त्यांना बसवलं, चहा पाजला.

चंद्रभाननं सुतळी काढली. शेठ खूष झाला. "लोग नाव नापते नहीं, सीधे मशीन उठाने आ जाते हैं," तो म्हणाला. "तुम कारीगर आदमी हो." बोटीचं इंजिन मागच्या फळीवर अडकवून पाण्यात सोडतात, त्याची दांडी फळीपेक्षा लांब झाली तर रेतीत घासते आणि आखूड झाली तर पंखा हवा खातो, हे शेठनं सांगितलं. गाठीप्रमाणे आखूड दांडीचं बरोबर बसत होतं. चंद्रभानचा डोळा एका चाळीस हॉर्सपॉवरच्या धुडावर होता. शेठनं दुसरी गाठ बघितली आणि मान हलवली. फळी एवढा भार सोसणार नाही, चिरेल. मग पंचवीसचं ठरलं. वापरलेलं, पण आतून नीट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, लूनासारखं, आणि दोरी ओढून चालू करायचं.

शेवटी शेठनं दोन पंखे पुढे ठेवले. दिसायला जवळजवळ सारखे, तीन-तीन पात्यांचे. एकाच्या बुंध्यावर तेरा आकडा कोरलेला, एकाच्या नऊ. तेराची पाती जास्त पिळलेली. "ये एक चक्कर में तेरा इंच काटता है, ये नौ इंच," शेठ म्हणाला. "अब बताओ भाईसाब, आदमी ढोना है कि हवा खाना है?"

"मानसं," चंद्रभान म्हणाला.

"तो नौ. कम काटेगा, पर बोझ खींचेगा."

बंडोपंतांनी वहीत लिहून घेतलं. चंद्रभाननं दोन्ही पंखे हातात तोलून पाहिले आणि म्हणाला, "दोन्ही द्या. घरी पायतो."

इथवर त्याचं सगळं बरोबर होतं. मोजमाप बरोबर, दांडी बरोबर, मोह टाळला तोही बरोबर. चूक सिंदीत झाली.

बापूरावच्या संत्र्याच्या बगिच्यात विहिरीला लागून सिमेंटचा मोठा हौद होता. त्याच्या काठावर लाकडी फळी ठोकून त्यानं इंजिन टांगलं. बघायला अर्धी सिंदी जमली. आधी नऊचा पंखा चढवला. एक नट, एक खीळ, दहा मिनिटांचं काम. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि मूठ फिरवताच वर वर चढत गेलं, शेवटी किंचाळायला लागलं. चंद्रभानचा चेहरा बदलला. त्यानं ताबडतोब बंद केलं. "हे तं कोरडं पळून राह्यलं," तो म्हणाला. "पंखा पाणीच धरत नाई."

मग तेराचा चढवला. दोरी ओढली, मूठ फिरवली. इंजिन चढलं नाही. खाली बसलं, जड झालं, छातीतून घुमायला लागलं. हौदाच्या काठावर ठेवलेला पितळी गडवा त्या घुमण्यानं हलला. चंद्रभाननं डोळे मिटले. बावीस वर्षं जो आवाज ऐकून तो खिशात पाना परत ठेवत आला होता, तोच हा. भरला.

"हेच," तो म्हणाला.

बंडोपंत मुद्दाम वर्ध्याहून आले होते. त्यांनी वही उघडली. "मिस्त्री, शेठजी म्हणाले होते की माणसं वाहायची तर नऊ. लिहून आहे माझ्याजवळ."

"शेठ इकते, पंत. मी आयकतो."

लोक हसले. बंडोपंतही हसले आणि वही मिटली. नऊचा पंखा पोत्यात गुंडाळून दुकानातल्या खिळ्याला टांगला गेला.

बोट घाटपिंपरीला पाठवण्याआधी बोर धरणावर चाचणी ठेवली. वांग्याची भाजी आणि रोडगे बरोबर नेलेले, केळझरच्या गणपतीला नारळ फोडून आणलेला. घाटपिंपरीहून रूपराव आला होता, कारण बोट पुढे त्यानंच सांभाळायची होती. चंद्रभान मागे मुठीवर. बोट काठापासून सुटली, नाक वर केलं, मग सपाट होऊन अशी निघाली की काठावरच्या बगळ्यांची रांग उठली. सगळ्यांना बसायचं होतं. पण चंद्रभान काळजीचा माणूस. नवी वस्तू, कोणाचा जीव जायला नको, म्हणून एका वेळी दोघं, जास्त नाही, असं त्यानं ठरवून दिलं. दोघं दोघं करत चौदा माणसं धरणावर उडून आली. बंडोपंतांची टोपी पाण्यात पडली ती परत काढून आणली.

जेवताना रूपराव म्हणाला, "मिस्त्री, एकडाव आठ जनं बसवून पाहू."

"काऊन? उडते ना?"

"दोघं बसले तं उडते. उडवून काय करतो? मले पुरात आठ जनं न्या लागतीन."

"पंचवीस हार्सपावर आहे, रूपराव भाऊ. तुह्या दोन हाताचं इंजिन नाई ते."

रूपरावनं तळहाताकडे पाहिलं आणि रोडगा मोडला. बोलणं तिथंच राहिलं, कारण कोणीतरी चंद्रभानच्या गळ्यात झेंडूचा हार आणून घातला.

ब्याऐंशी आणि त्र्याऐंशीत पाणी आलं ते गुडघाभर. बोट दोनदा कोणा बाळंतिणीला घेऊन नाला ओलांडून गेली, मजेत. घाटपिंपरीचा धीर वाढला. आधी आभाळ धरलं की लोक रोहण्याला निघून जायचे, आता थांबायला लागले. बोट होती ना.

चौऱ्याऐंशीचा पोळा भागीरथेकडे करायचा म्हणून चंद्रभान घाटपिंपरीला गेला. पाऊस पोळ्याच्या आदल्या दिवसापासून लागला होता. पोळा कसातरी झाला, बैलांच्या शिंगांचे बेगड तोरणाखालीच भिजून गळाले. दुसऱ्या दिवशी नाला चढायला लागला तशी निम्मीअधिक वस्ती गुराढोरांसकट रोहण्याला गेली. सोळा माणसं राहिली, बोटीच्या भरवशावर. तिसऱ्या दिवशी सकाळी नदी घरांत होती. ती सोळा माणसं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर उभी होती. वस्तीत तेवढीच उंच जागा.

हिशेब सरळ होता. आठ आणि आठ, दोन खेपा. चंद्रभान मागे बसला, रूपराव पुढे लांब बांबू घेऊन. पहिले आठ जण बसले. दोरी ओढली, इंजिन लागलं, बोट ओट्यापासून सुटली आणि धारेला लागताच तिनं नाक वर केलं. ते खाली आलंच नाही. बोटीचा मागचा भाग दबत गेला, पाणी फळीच्या काठाला टेकलं. चंद्रभाननं मूठ पूर्ण पिळली. इंजिन चढेना. छातीतून घुमत राहिलं, भरलं, जड, अगदी हौदातल्यासारखं, आणि बोट इंचानं पुढे आणि हातानं खालच्या अंगाला, धारेसोबत सरकत राहिली.

"वापस घे," रूपराव म्हणाला. आवाज न चढवता, जसं कोणाला पाणी मागावं तसं. त्यानं बांबू देवळाच्या खांबात अडकवून बोट परत लावली.

आठाचे चार केले. चार जण आणि हे दोघं, एवढ्यावर बोट कशीबशी चालली. तिरपी जात, खूप खालच्या अंगाला पलीकडे लागत, मग तिथून काठाकाठानं वर ओढत आणावी लागे. एका खेपेला पाऊण तास. म्हणजे दोनाच्या चार खेपा झाल्या, आणि ओट्यावरचं पाणी तेवढ्यात पायरी पायरीनं वर येत होतं.

दुसऱ्या खेपेला चंद्रभान बहिणीला म्हणाला, "बाई, बस."

"यायले बसव आधी," भागीरथा म्हणाली. तिच्या हातात म्हाताऱ्या मनकर्णाबाईचा हात होता, जिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला तो पुन्हा म्हणाला. ती म्हणाली, "चंदरभान, बोट माह्या भावाची. मी आधी बसली तं लोक काय म्हनतीन? भावानं बहिनीसाठी आनली म्हनतीन. तू जाय. मी आन् ही मांगून येतो. ही माह्याशिवाय बसत नाई."

तिसरी खेप पलीकडे लागली. बारा माणसं रोहण्याच्या बाजूला उतरली. परत निघताना इंजिन दोनदा खोकलं आणि मध्य धारेत बंद पडलं. त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. रूपरावनं बांबू टेकून बोट एका चिंचेच्या शेंड्याशी अडकवली. चंद्रभाननं झाकण काढून प्लग उघडले. काळे, तेलानं ओले. तेराच्या पंख्याखाली दबलेल्या इंजिनाला सकाळपासून एकदाही मोकळा श्वास मिळाला नव्हता. त्यानं धोतराच्या सोग्यानं प्लग पुसले, काडी ओढून जाळले, परत बसवले. दोरी नवव्यांदा ओढल्यावर इंजिन लागलं.

देवळाच्या कळसाला दोन पुरुष मिठी मारून होते. खाली ओटा नव्हता. सपाट, गढूळ पाणी होतं, त्यावर कडब्याची एक गंजी फिरत चालली होती.

ते दोघं कळसावरून बोटीत उतरले. त्यातल्या एकानं सांगितलं की म्हातारीचा पाय सुटला, भागीरथाबाईनं हात सोडला नाही.

गावानं त्याला बोल लावला नाही. उलट म्हणालं की मिस्त्री नसता तर सोळाच्या सोळा गेले असते. दोघींना नदीनं नेलं, चौदा त्यानं आणले. रोहण्यात लोक त्याला हातानं धरून जेवायला बसवायचे. तो सिंदीला परतला आणि दुकान उघडून बसला. दोन महिने तो दुकानातल्या त्या खिळ्याकडे पाहत असे, आणि शकुबाई त्याच्याकडे.

भाऊबीजेला तो दरवर्षी घाटपिंपरीला जायचा. त्या वर्षीही निघाला. शकुबाईनं विचारलं, "कोनाकडे जाता?" त्यानं पोतं काढलं, नऊचा पंखा पिशवीत टाकला आणि एसटी धरली.

नदी पात्रात गेली होती, पण धार होती. रूपराव आधी नको म्हणाला, मग न बोलता बोट ओढून आणली. चंद्रभाननं पंखा बदलला. एक नट, एक खीळ. वस्तीतल्या आठ जणांना बसवलं आणि धारेच्या विरुद्ध तोंड केलं. दोरी ओढली, मूठ पिळली. इंजिन वर चढलं, किंचाळलं, कोरड्या पंपासारखं, जे ऐकून तो आयुष्यभर इंजिन बंद करायला धावला होता. आणि बोट आठ जणांसकट नाक खाली घालून सपाट झाली आणि धार चिरत वर गेली. या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत किती वेळ लागला ते त्यानं मोजलं नाही. रूपरावनं मोजलं. चिलीम भरून होईस्तोवर.

आठ जण हसत उतरले. हे दोघं बोटीतच बसून राहिले.

"पंखा बदलायचं धा मिनिटाचं काम होतं, भाऊ," चंद्रभान म्हणाला.

रूपरावनं बोटीतलं पाणी ओंजळीनं बाहेर टाकलं. "मले माहीत नव्हतं, मिस्त्री," तो म्हणाला. "मले फक्त वाटत होतं."

"तू म्हनलं होतं. आठ जनं बसवून पाहू."

"म्हनलं होतं." रूपरावनं बांबू आडवा ठेवला. "पुन्हा म्हना लागत होतं. नाई म्हनलं."

सव्वीस जानेवारीला रोहण्याच्या शाळेच्या पटांगणात त्या दोघांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पोरांची लेझीम. भाषण बंडोपंतांनी लिहून आणलेलं. मग चंद्रभानला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो आयुष्यात कधी सभेत बोलला नव्हता. उभा राहिला आणि सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाला ते, हौद, दोन आवाज, धरणावरची दोघं दोघं, खिळ्याला टांगलेला पंखा. म्हणाला, "दोन खेपाचं काम होतं, माह्यानं चार झाल्या. चौथी पोचली नाई. माही बहीन आन् मनकर्णाबाई पान्यानं नाई गेल्या, माह्या कानानं गेल्या. ही शाल मले देऊ नका."

पुढच्या रांगेतून टाळी आली, मग दुसरी, मग सगळ्यांनी वाजवल्या. केवढा मोठा माणूस, स्वतःकडे दोष घेतो. एका गुरुजींनी डोळे पुसले. सरपंचानं शाल त्याच्या खांद्यावर नीट बसवली. रूपराव तेवढा हात मांडीवर ठेवून बसून होता.

खाली उतरल्यावर बंडोपंतांनी त्याचा हात धरला. "मिस्त्री, असं बोलायला मन लागतं."

"पंत, तुमच्या वहीत लिहून आहे ना? माणसं वाहायची तर नऊ?"

"आहे हो," बंडोपंत म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "पण ती वही आता कोणाला दाखवायची आहे?"

सत्त्याऐंशीत घाटपिंपरी उठून वर माळावर गेली. नाला आता कोणी पुरात ओलांडत नाही. बोट शाळेमागे पालथी पडली आहे, तिच्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. गाव उठेपर्यंत दर मृगाला चंद्रभान जात राहिला, बोटीत रेतीची आठ पोती टाकून धारेला लावून बघत राहिला. आता दुकानातल्या खिळ्याला तेराचा पंखा असतो. गिऱ्हाईक विचारतं हा कायचा पंखा, तर तो हातातला पाना ठेवून सुरुवातीपासून सांगतो. ऐकून झालं की गिऱ्हाईक म्हणतं, पण चौदा जण वाचवले ना तुमी. तो पुन्हा पाना उचलतो.

बापूरावचं इंजिन अजून त्याच्याकडेच येतं. मागे एकदा बापूराव म्हणाला, "चालू करतो, आयकून सांगा काय झालं ते."

"आयकून नाई सांगत," चंद्रभान म्हणाला. "विहिरीवर ने. पाइप जोड, पानी ओढू दे. भार पडू दे त्याच्यावर."

"मैलभर नेऊ? पयले तं बाजेवरून सांगत होते."

"पयले सांगत होतो."

सकाळी शिवारात इंजिनं लागतात. चंद्रभान जागाच असतो. शकुबाई चहा घेऊन येते, बाजेच्या कडेला ठेवते आणि जुन्या सवयीनं विचारते, "आज कोनाचं बिघडलं?"

"आयकलं नाई," तो म्हणतो आणि कूस बदलतो.